शुगर ४१, सीटी नॉर्मल: मग इन्सुलिनोमा आहे की नाही?

प्रश्न थोडक्यात असा. सांगली जिल्ह्यातल्या एका गृहस्थांनी पत्नीबद्दल विचारलंय. वय ३९. दीड वर्षापासून पहाटे किंवा सकाळी त्या मधूनच असंबद्ध बोलतात, घामाने भिजतात, ओळख देत नाहीत. चहा-बिस्किट पोटात गेलं की थोड्या वेळात पूर्ववत. मेंदूचा एमआरआय आणि ईईजी नॉर्मल, तरी अकरा महिने फिटच्या गोळ्या चालू आहेत. वजन सात किलोंनी वाढलंय. हरतालिकेच्या निर्जळी उपवासानंतर दुसऱ्या दिवशी पहाटे त्या बेशुद्ध पडल्या, दवाखान्यात ग्लुकोमीटरवर शुगर ४१ निघाली आणि ग्लुकोज चढवल्यावर दहा मिनिटांत उठून बसल्या. फिजिशियननी इन्सुलिनोमाची, म्हणजे स्वादुपिंडात इन्सुलिन तयार करणाऱ्या गाठीची शंका घेतली. पण पोटाचा सीटी नॉर्मल आला आणि नंतर केलेलं उपाशीपोटीचं इन्सुलिन ९.८, तेही रिपोर्टवरच्या ‘नॉर्मल रेंज’मध्ये. आता ते विचारतात: सीटीत गाठ नाही म्हणजे गाठ नाहीच का? इन्सुलिन नॉर्मल म्हणजे विषय संपला का? आणि थेट पेट स्कॅन करून टाकावा का?

तिन्हींचं उत्तर ‘नाही’ असंच आहे. मी बावीस वर्षं हार्मोनच्या आजारांचं काम करतो, आणि इन्सुलिनोमाच्या बहुतेक रुग्णांच्या फायलीत हाच घोळ पाहिलाय: गाठ शोधायची घाई झालेली असते आणि शुगर का उतरते हे मात्र कोणी सिद्ध केलेलं नसतं. या आजारात आधी रक्ताला विचारायचं, मग फोटोला. रक्ताने ‘हो’ म्हटलं की सीटी कितीही स्वच्छ असो, गाठ आहे असं धरून शोध चालू ठेवायचा. आणि रक्ताने ‘नाही’ म्हटलं तर स्कॅनमध्ये काही चमकलं तरी त्याच्यामागे धावायचं नाही.

पहिल्यांदा तुमच्याकडे काय सिद्ध झालंय ते बघू. न्यूयॉर्कचे सर्जन ॲलन व्हिपल यांनी १९३० च्या दशकात एक साधी त्रिसूत्री सांगितली, ती आजही चालते: शुगर उतरल्यासारखी लक्षणं, त्याच वेळी रक्तात प्रत्यक्ष कमी शुगर, आणि शुगर वाढवल्यावर लक्षणं जाणं. ताईंच्या बाबतीत तिन्ही जवळजवळ जुळतात. ‘जवळजवळ’ म्हणतो, कारण ४१ हा आकडा ग्लुकोमीटरचा आहे. चांगल्या ग्लुकोमीटरलाही कमी शुगरमध्ये १५ मिलिग्रॅम इकडेतिकडे होण्याची मुभा असते. डायबेटिसच्या रोजच्या कामाला ते चालतं, निदानाचा शिक्का मारायला नाही. शिरेतून घेतलेलं, लॅबमध्ये तपासलेलं ५५ पेक्षा कमी ग्लुकोज लागतं.

पण मला आकड्यापेक्षा हरतालिकेची हकिगत जास्त बोलकी वाटते. आदल्या रात्री नऊला जेवल्या असतील, तर दुसऱ्या पहाटे पाचला पोट रिकामं राहून ३२ तास झाले होते. आपल्याकडे इतक्या बायका निर्जळी हरतालिका करतात. थकतात, डोकं दुखतं, चिडचिड होते. पण नवऱ्याला न ओळखण्यापर्यंत कोणी जात नाही. निरोगी शरीर अशा वेळी इन्सुलिन जवळपास बंद करतं, यकृत साठ्यातून आणि नव्याने ग्लुकोज पुरवतं, चरबी जळून किटोन तयार होतात आणि मेंदू त्यावर भागवतो. ज्याला हे जमत नाही, त्याच्या शरीरात इन्सुलिनचा नळ उघडा राहिलाय अशी शंका घ्यायलाच हवी.

फिटचा शिक्का का बसला, याचा तुमच्या डॉक्टरांवर राग धरू नका. मेंदूला साखर मिळाली नाही की तो जे करतो ते फिटसारखं, दारू प्यायल्यासारखं किंवा वेड लागल्यासारखंच दिसतं. माझ्याकडे एक दूध संकलन केंद्र चालवणारे गृहस्थ आले होते. पहाटे पाचला केंद्र उघडायचे, आणि महिन्यातून चार-पाच दिवस फॅटचे आकडे भलत्याच माणसाच्या नावावर लिहायचे. गावाने ‘पितो’ असं ठरवून टाकलं. घरच्यांनी देवऋषी गाठला. तिथे गंमत अशी की त्यांना खरंच बरं वाटायचं. मी खोदून विचारलं तेव्हा कळलं, अंगारा लावून झाल्यावर देवऋषी दोन पेढे हातावर ठेवायचा आणि ‘इथंच खा’ म्हणायचा. पुढे त्यांची बायकोच हुशार निघाली. तिने पेढे घरीच द्यायला सुरुवात केली, देवऋषीचा फेरा वाचला, आणि वर्षभरात वजन नऊ किलो वाढलं. निदान म्हटलं तर त्या माउलीनेच केलं होतं, मी फक्त त्याला आकडे लावले.

म्हणून रुग्णापेक्षा रुग्णाबरोबर राहणाऱ्याला जास्त विचारावं लागतं. झटक्याच्या वेळचं रुग्णाला आठवतच नाही. तुम्ही लिहिलंय की ताई एकदा गॅस न पेटवता रिकाम्या पातेल्यात चमचा ढवळत उभ्या होत्या आणि हाक मारली तर ‘चहा उकळतोय’ म्हणाल्या. या एका वाक्याने मला ईईजीपेक्षा जास्त सांगितलं. पुढच्या वेळी असं झालं तर आधी गोड द्या, आणि घरात दुसरं कोणी असेल तर त्याने मोबाइलवर मिनिटभराचा व्हिडिओ घ्यावा. वेळ लिहा, शेवटचं खाणं कधी होतं ते लिहा.

आता ‘नॉर्मल’ इन्सुलिनकडे येतो, कारण सगळ्यात मोठी फसगत इथे होते. तुमच्या रिपोर्टमध्ये इन्सुलिनसोबत घेतलेली शुगर ८२ आहे. म्हणजे ज्या सकाळी रक्त घेतलं, त्या सकाळी झटका नव्हताच. शुगर ८२ असताना इन्सुलिन ९.८ असण्यात काही विशेष नाही, आणि त्यावरून गाठ आहे किंवा नाही काहीच ठरत नाही. चोर पळून गेल्यावर पंचनामा केल्यासारखं ते आहे. दुसरी गोष्ट, रिपोर्टच्या उजव्या रकान्यातली रेंज निरोगी शुगर असलेल्या माणसाची असते. शुगर ४१ असताना इन्सुलिन तीनच्या खाली जायला हवं. त्या क्षणी ते ९.८ निघालं, तर रेंजमध्ये असूनही ते भयंकर जास्त आहे. लॅबचा कॉम्प्युटर त्यापुढे लाल खूण करणार नाही, कारण त्याला शुगर किती होती हे कळत नाही. ते जोडून वाचणं हे डॉक्टरचं काम.

तेव्हा पुढची पायरी म्हणजे शुगर उतरलेली असतानाच रक्त पकडणं. नशिबाने दवाखान्यात असताना आपोआप झटका आला तर उत्तमच. पण नशिबावर सोडता येत नाही, म्हणून भरती करून ७२ तासांचा उपवास करतात. ‘उपवास’ म्हटल्यावर आमच्याकडे हमखास गोंधळ होतो. एका काकूंना नीट समजावून भरती केलं आणि रात्री राउंडला गेलो, तर उशाशी डबा: साबुदाण्याची खिचडी, वर शेंगदाण्याचा लाडू. ‘उपवासाचंच आहे हो डॉक्टर’ म्हणाल्या. त्या वेळेपासून मी ‘उपवास’ शब्द टाळतो, ‘लंघन’ म्हणतो. पाणी हवं तेवढं, बिनदुधाचा बिनसाखरेचा चहा चालतो, बाकी काही नाही. झोपून राहायचं नाही. जागेपणी वॉर्डात फिरायचं. घड्याळ शेवटच्या घासापासून सुरू होतं, भरतीच्या वेळेपासून नव्हे.

बहात्तर तास ऐकून लोक घाबरतात. प्रत्यक्षात इन्सुलिनोमाच्या साधारण दोन-तृतीयांश रुग्णांची शुगर पहिल्या २४ तासांतच खाली येते, आणि ४८ तास उलटेपर्यंत बहुतेक सगळ्यांचं उत्तर मिळालेलं असतं. पण घरी हे करू नका. कृपा करून नाही. हरतालिकेला जे झालं ते शिरेत सुई तयार असताना व्हायला हवं.

वॉर्डात दर सहा तासांनी रक्त घेतात. शुगर साठच्या खाली आली की दर तासा-दोन तासांनी. मधल्या वेळात सिस्टर साधे प्रश्न विचारत राहतात: शंभरमधून सात वजा करत जा, मुलीचं नाव सांगा, आज वार कोणता. हे करमणुकीसाठी नसतं. बारीक चणीच्या तरुण बायकांची शुगर लांबलेल्या लंघनात चाळिशीत उतरू शकते, आणि त्या मजेत गप्पा मारत असतात. त्यांना आजार नसतो. आकडा आणि मेंदूचं गोंधळणं दोन्ही एकत्र दिसलं पाहिजे. एकदा मध्यरात्री अडीचला मी एका गृहस्थांना वजाबाकी विचारली, ते ब्याण्णवपर्यंत नीट आले... नव्हे, ब्याण्णव हेच चूक होतं, त्र्याण्णव यायला हवं होतं. पुढच्या पाच मिनिटांत ते छताकडे बघून हसायला लागले. शुगर ३६.

तो क्षण आला की गडबड न करता आधी सगळ्या नळ्या भरून घ्यायच्या. मोह असा असतो की लगेच ग्लुकोज द्यावं. पण ग्लुकोज दिल्यानंतरचं रक्त निदानाच्या कामाचं राहत नाही. नळ्या भरायला मिनिट-दीड मिनिट लागतं. त्यात बघायचं ते असं: ग्लुकोज ५५ पेक्षा कमी असताना इन्सुलिन ३ किंवा जास्त, सी-पेप्टाइड ०.६ नॅनोग्रॅम किंवा जास्त, प्रोइन्सुलिन ५ पिकोमोल किंवा जास्त, आणि बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेट हा किटोन २.७ मिलिमोल किंवा त्यापेक्षा कमी. मग शिरेतून एक मिलिग्रॅम ग्लुकागॉन, म्हणजे यकृतातली साठवलेली साखर (ग्लायकोजेन) मोकळी करणारं हार्मोन, देऊन दहा, वीस, तीस मिनिटांनी शुगर बघतात. ती २५ किंवा जास्त वाढली, तर यकृतात ग्लायकोजेनचा साठा अजून शिल्लक आहे असा अर्थ होतो. इतक्या तासांच्या उपाशीपोटी साठा संपायला हवा होता. तो शिल्लक का? कारण इन्सुलिनने कोठाराला कुलूप लावून ठेवलं होतं. हा पुरावा मला फार आवडतो, कारण तो इन्सुलिनच्या किटवर अवलंबून नाही. किटोनचंही तसंच: इन्सुलिन असताना चरबी जळत नाही, म्हणून एवढ्या उपाशी माणसाच्या रक्तात किटोन कमी असणं हीच इन्सुलिनची सही.

सी-पेप्टाइड का, हे सांगायला हवं. स्वादुपिंड आधी प्रोइन्सुलिन बनवतं, ते कापलं जाऊन इन्सुलिन आणि सी-पेप्टाइड सारख्याच संख्येने बाहेर पडतात. बाटलीतल्या इन्सुलिनमध्ये सी-पेप्टाइड नसतं. म्हणजे इन्सुलिन जास्त पण सी-पेप्टाइड दबलेलं, असं दिसलं तर इन्सुलिन बाहेरून टोचलं गेलंय. घरात डायबेटिसचं माणूस असेल तर हा प्रश्न नाजूकपणे पण विचारावाच लागतो. मी दोनदा विचारला, आणि दोन्ही वेळा उत्तर यायला आठवडा लागला.

नळ्यांबद्दल थोडं चिकटपणाने सांगतो, कारण मी यात पोळलोय. साध्या नळीत ठेवलेल्या रक्तातल्या पेशी स्वतःच ग्लुकोज खात राहतात, तासाला साधारण ५ ते ७ टक्के. एका तरुण मुलाला बाहेरगावच्या लॅबचा ५४ शुगरचा रिपोर्ट घेऊन घाबरलेले आईवडील माझ्याकडे आले. मुलाला लक्षण शून्य. चौकशी केली तर सॅम्पल साध्या नळीत, दुपारच्या गाडीने शहरात गेलेलं. सहा तास. सकाळी मुलाची शुगर ऐंशीच्या आसपास असणार. ग्लुकोजची नळी राखाडी झाकणाची, फ्लोराइडवाली हवी, आणि इन्सुलिनचं सॅम्पल बर्फात ठेवून लगेच वेगळं केलेलं हवं. रक्तपेशी फुटल्या तर इन्सुलिन खोटं कमी येतं. अजून एक: केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर काही मशीनवर इन्सुलिनचा आकडा चुकतो. ताई घेत असतील तर तपासणीच्या तीन-चार दिवस आधी बंद करायला सांगा. पुष्कळ जण याला औषध समजतच नाहीत, म्हणून विचारल्यावर ‘काही चालू नाही’ म्हणतात.

समजा ताईंचे आकडे जुळले: शुगर कमी, इन्सुलिन आणि सी-पेप्टाइड दोन्ही जास्त. तरीही गाठ शोधायला पळायचं नाही, कारण हेच चित्र अजून दोन सोंगं हुबेहूब उभं करतात.

पहिलं सोंग म्हणजे ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड या डायबेटिसच्या गोळ्या. त्या स्वादुपिंडातूनच इन्सुलिन पिळून काढतात, म्हणून सी-पेप्टाइडही वाढतं. तुम्ही म्हणाल, माझी बायको डायबेटिसची गोळी का घेईल? ती घेत नाही. तिच्या पोटात जाते. सासऱ्यांची पट्टी आणि थायरॉइडची पट्टी एकाच डब्यात, दोन्हींतल्या गोळ्या बारीक, पहाटेचा अंधार, चष्मा नाही. किंवा औषधाच्या दुकानात मिळत्याजुळत्या नावाची पट्टी हातात आली. किंवा सांधेदुखी-शुगरवरचं नाव-गाव नसलेलं ‘आयुर्वेदिक’ चूर्ण, ज्यात ॲलोपॅथीची गोळी कुटलेली असते. रक्तात या औषधांची तपासणी होते, पण प्रत्येक गावात होत नाही. म्हणून मी पहिल्या भेटीतच सांगतो: घरातल्या सगळ्या माणसांच्या सगळ्या गोळ्या, पुड्या, बाटल्या एका पिशवीत भरून आणा. यादी नको, पिशवी हवी. टेबलावर पिशवी उलटी केली की अनेकदा निदान घरंगळत समोर येतं.

दुसरं सोंग आपल्याकडे हल्ली जास्त लक्षात ठेवावं असं. इन्सुलिन ऑटोइम्यून सिंड्रोम. जपानमध्ये हिराता यांनी १९७० साली ते वर्णन केलं. यात शरीर स्वतःच्याच इन्सुलिनविरुद्ध अँटीबॉडी बनवतं. त्या जेवणानंतरचं इन्सुलिन स्पंजासारखं शोषून धरतात आणि नंतर भलत्या वेळी सोडून देतात. काही औषधांनी ते सुरू होतं, त्यात थायरॉइडसाठीचं कार्बिमेझोल आहे आणि हातापायांच्या मुंग्यांसाठी सर्रास लिहून दिलं जाणारं अल्फा लायपोइक ॲसिडही आहे. ‘नसांच्या ताकदीची’ म्हणून मिळणाऱ्या कितीतरी कॅप्सूलमध्ये ते असतं. इथे इन्सुलिनचा आकडा शेकड्यांत, कधी हजारांत जातो. इन्सुलिनोमात इतका मोठा आकडा सहसा दिसत नाही. तिथे तो दहा, पंधरा, तीस असा मवाळ असतो. म्हणून इन्सुलिन शंभराच्या वर दिसलं की माझा हात आधी अँटीबॉडीच्या तपासणीच्या फॉर्मकडे जातो. गोळी बंद केली की बहुतेकांचं काही महिन्यांत निवळतं. ऑपरेशनचा प्रश्नच येत नाही.

याच कारणासाठी मी थेट पेट स्कॅनच्या विरोधात आहे. एक चौतिशीच्या बाई माझ्याकडे आल्या, हातात गॅलियम डोटाटेट पेटचा रिपोर्ट: स्वादुपिंडाच्या शेपटीत दीड सेंटिमीटरची चमकणारी गाठ. शेपटी कापायची तारीख ठरलेली. रक्ताची साखळी मात्र कोणी पूर्ण केली नव्हती. इन्सुलिन पाठवलं तर ८०० च्या वर, अँटीबॉडी भरपूर, आणि पिशवीत ‘नसांची’ कॅप्सूल. मग ती गाठ कसली? स्वादुपिंडात रुतलेला प्लीहेचा, म्हणजे पांथरीचा, जन्मजात तुकडा. तो शेपटीतच सापडतो आणि डोटाटेटवर गाठीसारखाच चमकतो. पांथरी ओळखणाऱ्या वेगळ्या न्यूक्लिअर स्कॅनने ते पक्कं झालं. ऑपरेशन झालं असतं तर अर्धं स्वादुपिंड गेलं असतं आणि शुगर तशीच उतरत राहिली असती.

आता तुमचा सीटी. इन्सुलिनोमाच्या दहापैकी नऊ गाठी दोन सेंटिमीटरपेक्षा लहान असतात, हरभऱ्यापासून छोट्या बोरापर्यंत. डोकं, मधला भाग, शेपटी, कुठेही सारख्याच प्रमाणात. रंगाने दिसण्यात ती स्वादुपिंडात मिसळते, फक्त रक्तपुरवठा जास्त असतो. त्यामुळे शिरेत कॉन्ट्रास्ट सोडल्यावर साधारण ३५ ते ४५ सेकंदांनी, धमन्यांच्या टप्प्यात, ती क्षणभर उजळते. ७० सेकंदांनी घेतलेल्या नेहमीच्या पोटाच्या सीटीत ती परत विझलेली असते. तुमच्या रिपोर्टमध्ये एकाच टप्प्याचा उल्लेख आहे. म्हणजे त्या गाठीचा फोटो तिने डोळे मिटल्यावर काढलाय. निदान पक्कं झाल्यावर परत करायची वेळ आली, तर चिठ्ठीवर ‘पॅन्क्रियाटिक प्रोटोकॉल, आर्टीरियल फेजसह, बारीक स्लाइस’ असं डॉक्टरांकडून लिहून घ्या, आणि ‘इन्सुलिनोमा शोधतोय’ हेही. ‘पोटदुखी’ लिहिलं तर रेडिओलॉजिस्ट पोटदुखीच शोधणार.

चांगला सीटी किंवा एमआरआय करूनही दिसलं नाही तर मी एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंडकडे जातो. तोंडातून दुर्बीण जठरात नेऊन तिथून सोनोग्राफी करतात. स्वादुपिंड जठराच्या मागेच चिकटून असल्यामुळे अर्धा सेंटिमीटरची गाठही दिसू शकते. डोक्यातल्या गाठीला हे फार चांगलं, शेपटीच्या टोकाला थोडं कमी. हे करणाऱ्याच्या हातावर खूप अवलंबून आहे, तेव्हा मशीन कोणतं यापेक्षा हात कोणाचा हे विचारा.

पेटबद्दल एक समज काढून टाका: ‘पेट’ ही एक तपासणी नाही. कॅन्सरसाठी करतात तो साधा, साखरेवर चालणारा पेट इथे बहुधा काहीच दाखवत नाही, कारण ही गाठ संथ असते. डोटाटेट इतर न्यूरोएंडोक्राइन, म्हणजे हार्मोन बनवणाऱ्या पेशींच्या, गाठींना उत्तम, पण साध्या इन्सुलिनोमावर त्याला पकडायला लागणारे रिसेप्टर कमी असतात, म्हणून बऱ्याचदा चुकतं. इन्सुलिनोमासाठी नेमका म्हणजे एक्सेंडिन पेट. तो जीएलपी-१ रिसेप्टरला चिकटतो आणि हे रिसेप्टर या गाठीवर भरपूर असतात. मात्र तो देशात मोजक्या केंद्रांतच होतो. गंमत म्हणजे पसरलेल्या, कर्करोगी इन्सुलिनोमात बऱ्याचदा उलट असतं: तिथे एक्सेंडिन फिका पडतो आणि डोटाटेट उजळतो. तुमच्या फिजिशियनना ‘पेट करू का’ असं विचारण्याऐवजी ‘कोणता, आणि कशासाठी’ असं विचारा.

एवढं सगळं करूनही हुलकावणी देणाऱ्या गाठी असतात. त्यासाठी स्वादुपिंडाला रक्त नेणाऱ्या एकेका धमनीत कॅल्शियम सोडून यकृताच्या शिरेतून इन्सुलिन मोजतात. ज्या धमनीनंतर इन्सुलिन दुपटीने उसळतं, तिच्या हद्दीत गाठ. जागा कळते, फोटो मिळत नाही, पण सर्जनला तेवढंही खूप असतं. आणि ऑपरेशन टेबलावर सर्जनची बोटं व थेट स्वादुपिंडावर ठेवलेली सोनोग्राफी यांनी उरलेल्याही बहुतेक सापडतात. पूर्वी गाठ दिसली नाही तर आंधळेपणाने शेपटी कापायचे. ते आता करू नये.

जाता जाता एक विचारून घ्या: ताईंना किंवा त्यांच्या भावंडांना वारंवार मूतखडे, कॅल्शियम वाढणं, पिट्युटरीची गाठ असं काही? दहातल्या एखाद्या रुग्णात हा आजार एमईएन-१ या आनुवंशिक प्रकाराचा भाग असतो, तेव्हा गाठी एकापेक्षा जास्त असतात आणि ऑपरेशनचा बेत बदलतो. कॅल्शियम, पॅराथॉर्मोन आणि प्रोलॅक्टिन या साध्या तपासण्या आहेत. सकाळचं कॉर्टिसॉलही एकदा करून ठेवावं, ते कमी असलं तरी शुगर उतरते.

‘गाठ’ ऐकून कॅन्सरची भीती वाटते, तुम्हीही शेवटी तसं विचारलंय. जवळपास नव्वद टक्के इन्सुलिनोमा पसरत नाहीत, आणि काढल्यावर आजार संपतो. टोरंटोत १९२१ मध्ये इन्सुलिन सापडलं. त्याच शहरात १९२९ साली रॉस्को ग्रॅहम या सर्जनने अशी गाठ काढून रुग्ण पहिल्यांदा बरा केला. तेव्हा त्यांच्याकडे ना सीटी होता, ना इन्सुलिन मोजायची सोय. हा आजार दुर्मीळ खराच. अमेरिकेतल्या एका पाहणीत दहा लाखांमागे वर्षाला चार असं प्रमाण निघालं. तेच २०११ च्या जनगणनेतल्या महाराष्ट्राच्या सव्वाअकरा कोटींना लावलं तर वर्षाला साडेचारशेच्या आसपास होतात. यातले सगळे एंडोक्रायनॉलॉजिस्टपर्यंत पोचत असतील असं मला वाटत नाही. काही अजून फिटच्या गोळ्या खात असतील.

निदान होईपर्यंत काय करायचं, ते सांगतो. यापुढे एकही उपवास नाही, संकष्टीचासुद्धा नाही. दर तीन तासांनी खाणं, रात्री झोपताना काहीतरी, आणि पहाटे तीनचा गजर लावून पुन्हा थोडं. झोपताना दोन-तीन चमचे कॉर्नफ्लॉवर थंड पाण्यात किंवा ताकात कालवून प्यायलं तर पहाट सुखाची जाते. दुकानात पांढरं शुभ्र मिळतं ते, भाकरीचं मक्याचं पीठ नव्हे, आणि शिजवायचं नाही, शिजवलं की लवकर पचतं. झटका आला आणि गिळता येत असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यातून. बेशुद्ध असतील तर तोंडात काही घालू नका, साखरही नाही; कुशीवर वळवा आणि दवाखाना गाठा. स्कूटर पूर्ण बंद, आणि सकाळी एकट्याने गॅससमोर नको. डायझॉक्साइडसारखी औषधं आहेत, पण रक्ताचा पुरावा हातात येण्याआधी ती सुरू करून घेऊ नका, तपासणीचं चित्र बिघडतं.

फिटच्या गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने थांबवू नका. एकदम बंद केल्या तर खरीच फिट येऊ शकते, आणि मग आम्हा सगळ्यांचाच पुन्हा गोंधळ. निदान पक्कं झाल्यावर न्यूरोलॉजिस्टच त्या हळूहळू उतरवतील. आधी भरतीची तारीख घ्या, भरती होईल तिथे मध्यरात्री नळ्या बर्फात ठेवायची सोय आहे का ते फोन करून विचारा, आणि ती पिशवी बरोबर न्या. सासूबाईंच्या उशाखालच्या गोळ्यांसकट.